कौतुकाच्या आधी

घाटकोपर पश्चिमेला, डोंगरावर चढत गेलेल्या वस्तीच्या पायथ्याशी महापालिकेची एक शाळा आहे. फाटकातून आत डोकावलं की जिन्याजवळचा फळा दिसतो. तारीख, वार, आजचा सुविचार, दिनविशेष. पालिकेच्या कुठल्याही शाळेत असावा तसा साधा फळा. काही सकाळी मात्र त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत खडूंनी भरून गेलेला असतो. 'हार्दिक अभिनंदन' ही मोठी अक्षरं, भोवती वेलबुट्टी, आणि खाली नावं. शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण झालेली मुलं. लंगडीच्या स्पर्धेत जिंकलेल्या मुलींचा सगळा संघ, राखीव खेळाडूंसकट. विज्ञान प्रदर्शनात निवडला गेलेला प्रकल्प, आणि त्याच्या शेजारी मार्गदर्शक शिक्षकांचं नाव.

सकाळी फिरायला निघालो की मी तिथे थांबतो. थांबणारा मी एकटा नसतो. भाजीची पिशवी घेतलेली एखादी बाई असते, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन असतो, मुलाला सोडायला आलेले वडील असतात. सगळ्यांना सगळं वाचता येतं असं नाही. पण आपल्या गल्लीतलं नाव ओळखायला फार शिक्षण लागत नाही. कोणीतरी बोट दाखवून म्हणतं, "ही आपल्या वरच्या चाळीतली." मग सगळे आपापल्या वाटेने जातात.

त्या फळ्यावरची नावं कोणीतरी हाताने लिहिलेली असतात, याचं मला मोल वाटतं. नाव हाताने लिहायचं तर ते आधी मनात उच्चारावं लागतं. वेलांटी पहिली की दुसरी, वडिलांचं नाव काय, आडनावात अनुस्वार आहे का. लिहिता लिहिता ते मूल डोळ्यांपुढे येतंच. दहावीच्या निकालानंतर नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. तेही अभिनंदनच असतं आणि लावणाऱ्याचा हेतू चांगला असू शकतो. पण तिथे मुलांचे चेहरे तळाशी छोट्या चौकोनांत असतात आणि मोठे चेहरे दुसऱ्यांचे असतात. मुलाच्या यशाला एवढ्या मोठ्या सावलीची गरज नसते. त्याचं नाव नीट लिहिलेलं असलं तरी पुष्कळ होतं.

महापालिकेची शाळा आपल्या इतक्या सवयीची झाली आहे की तिच्याकडे पाहायचं राहून जातं. मुंबई महानगरपालिका आठ भाषांमधून मुलांना शिकवते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. अनेक इमारतींत दोन-तीन माध्यमांच्या शाळा एका छपराखाली भरतात, कोणी सकाळी, कोणी दुपारी. उपनगरांपैकी अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. त्याआधी इथे गावठाणं होती, भातशेती होती, खाडीच्या बाजूला मिठागरं होती. शहर उत्तरेकडे सरकत आलं आणि माणसं येत राहिली. कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, तमिळनाडूतून. प्रत्येकाने आपली भाषा बरोबर आणली आणि पालिकेने त्या भाषेतला फळा मांडून ठेवला. जगात किती शहरं हे करत असतील मला माहीत नाही. माझं शहर करतं, याचा मला अभिमान वाटतो.

फळ्यापाशी उभं राहिलं की एक प्रश्न मनात येतो. कौतुकाच्या आधी काय असतं?

पाहणं असतं. ज्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही, त्याचं कौतुक कोण करणार?

शाळेत हे पाहणं हजेरीपासून सुरू होतं. आपल्याकडचे शिक्षक हजेरीच्या वहीला कॅटलॉग म्हणतात. रोज कॅटलॉग उघडतो, बाई एकेक नाव घेतात, आणि वर्गातून एकेक 'हजर' येतं. आता पुष्कळ वर्गांत 'येस टीचर' येतं. शब्द कुठलाही असो, नाव घेतलं जातं, उत्तर मिळतं, आणि क्षणभर नजर वर उचलली जाते. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं सांगितलं आहे. म्हणजे वर्षातून निदान दोनशे वेळा एका मुलाला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारली जाते. घरी त्याला लाडाचं नाव असतं, गल्लीत टोपणनाव असतं. वडिलांच्या नावासकट त्याचं अख्खं नाव रोज कोणी घेत असेल, तर ते वर्गात.

उत्तर आलं नाही, की खरं काम सुरू होतं. पहिल्या दिवशी बाई गैरहजेरीची खूण करतात. तिसऱ्या दिवशी शेजारी बसणाऱ्या मुलीला विचारतात. 'गावाला गेलीय.' 'भावाला सांभाळते.' 'घर बदललं, आता तिकडे भांडुपला राहतात.' काही बाई तेवढ्यावर थांबतात. वर्गात पन्नास मुलं असली की त्यांना दोष देता येत नाही. काही बाई मात्र शाळा सुटल्यावर पर्स खांद्याला लावून डोंगर चढतात. वाट अरुंद असते, पायऱ्यांवर पाण्याचे पाइप पसरलेले असतात, दारं चिकटून चिकटून असतात. विचारत विचारत त्या दारापाशी पोहोचतात. २०२२ साली पालिकेने 'मिशन ॲडमिशन' ही मोहीम काढली, एक लाख नव्या प्रवेशांचं लक्ष्य ठेवलं, आणि ते गाठलं. त्या आकड्याची बातमी झाली, व्हायलाच हवी होती. मला त्या आकड्यात चढून झालेले जिने दिसतात. उन्हाळ्याच्या दिवसांत वस्तीवस्तीतून फिरलेले पाय दिसतात.

शाळेत येणं, रोज येणं, हेच मुळात एक यश आहे, हे आपल्या लोकांना फार पूर्वी कळलं होतं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढे १९९२ साली महाराष्ट्र सरकारने पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांमधल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. शाळेत आलेल्या प्रत्येक दिवसाचा एक रुपया. दोन्ही वेळी रक्कम तीच, मधे पाऊणशे वर्षं. पहिल्या रुपयात धाक होता, दुसऱ्या रुपयात आर्जव. १९१७चा रुपया गरिबाला जड होता आणि १९९२चा रुपया कोणालाच फारसा पुरणारा नव्हता. पण दोघांचं म्हणणं एकच होतं. तुझं मूल वर्गात बसलं, तर ती आमच्या दृष्टीने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे.

म्हणून फळ्यावर 'शंभर टक्के उपस्थिती' असा मथळा दिसला की मी तिथे जास्त रेंगाळतो. हे बक्षीस हुशारीचं नाही, म्हणून पुष्कळांना ते किरकोळ वाटतं. मला ते सगळ्यात अवघड वाटतं. उपनगरातल्या एका मुलीने वर्षभर एकही दिवस चुकवायचा नाही म्हणजे काय, याचा हिशोब मांडून पाहावा. जुलैच्या पावसात उतारावरच्या पायऱ्यांचा ओढा झालेला असतो. सकाळी पाणी यायची आणि शाळेची वेळ एकच असते. आई दोन-चार घरची कामं करते. धाकट्याला ताप आला तर घरी थांबणारं दुसरं कोणी नसतं. बोरिवलीच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर राहणारी मुलं आहेत. त्यांच्या शाळेच्या वाटेवर झाडी आहे आणि त्या झाडीत बिबट्या आहे. यातल्या कुठल्याही कारणासाठी ती मुलगी घरी राहिली असती, तर कोणी तिला नावं ठेवली नसती. ती आली. दुसऱ्या दिवशीही आली. तिच्या मागे आईने पहाटे चार वाजता उठून भरून ठेवलेली पिंपं आहेत. धाकट्याला तासभर सांभाळणारी शेजारीण आहे. फळ्यावर एक नाव असतं, पण येणं एकटीचं कधीच नसतं.

गुणांचं कौतुक आपण भरपूर करतो. ते करावंच. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी भाषा विषयांचे शाळेने द्यायचे तोंडी परीक्षेचे गुण बंद केले होते. पुढच्या वर्षी ते परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. मुलं एका वर्षात मंद झाली नव्हती आणि पुढच्या वर्षात तल्लखही झाली नव्हती. मोजपट्टी बदलली होती. २०१९च्या जूनमध्ये नापास झालेल्या मुलांपैकी किती जण वर्गात परत आले असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. त्यांच्यासाठी त्या दिवशी कुठल्या फळ्यावर काही लिहिलं गेलं का? नापास मुलाला 'पुन्हा ये' असं सांगणं हेही शाळेचं काम आहे, आणि त्या दिवशी ते अभिनंदनापेक्षा मोठं काम असतं.

शिक्षकांच्या गौरवाचे दिवस ठरलेले आहेत. ५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, १९६२पासून शिक्षक दिन. ३ जानेवारी हा सावित्रीबाईंचा. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाले. राज्याचा पुरस्कार आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने दिला जातो. महापालिका दरवर्षी पन्नास शिक्षकांना महापौर पुरस्कार देते. पन्नास ही संख्या लहान नाही. पण शिक्षक हजारोंनी आहेत. निवड झालेल्या बाई शाळेत परततात तेव्हा परिपाठात त्यांचं नाव पुकारलं जातं, मुलं टाळ्या वाजवतात, बाई थोड्या संकोचतात. त्याच व्हरांड्यात त्यांच्याइतक्याच चांगल्या दुसऱ्या बाई उभ्या असतात आणि त्याही मनापासून टाळ्या वाजवतात. या दुसऱ्या बाईंचा मला फार आदर वाटतो.

राष्ट्रीय पुरस्कारासाठी २०१८पासून शिक्षकाने स्वतःच अर्ज भरायचा असतो. आपण काय काय केलं ते लिहायचं, पुरावे जोडायचे. वशिला टळावा, दूरच्या शिक्षकालाही थेट दार ठोठावता यावं, हा त्यामागचा विचार समजतो आणि पटतोही. तरी एक माणूस माझ्या डोळ्यांपुढे येतो. ज्याला स्वतःविषयी चार ओळी लिहिता येत नाहीत, असा शिक्षक. त्याने चौथीच्या वर्गातल्या तोतऱ्या मुलाला सहा महिने रोज मधल्या सुट्टीत वाचायला लावून बोलतं केलं. फोटो काढला नाही. नोंद ठेवली नाही. त्याचा अर्ज कधीच जाणार नाही. म्हणून त्याच्याकडे दुसऱ्या कोणीतरी पाहत असायला हवं. मुख्याध्यापकांनी, बीट अधिकाऱ्यांनी, शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याने. शिक्षकाने मुलांना पाहायचं, पण शिक्षकाला पाहणारं कोण?

कधी कधी ते मूलच पाहतं, फक्त सांगायला त्याला चाळीस वर्षं लागतात. डॉ. रघुनाथ माशेलकर गोव्यातल्या माशेलचे. मुंबईत गिरगावात वाढले, महापालिकेच्या शाळेत शिकले. पुढच्या शाळेत प्रवेश घ्यायला एकवीस रुपये हवे होते आणि ते घरात नव्हते. घरकाम करणाऱ्या एका बाईंनी ते दिले, असं ते सांगतात. त्या युनियन हायस्कूलमध्ये भावे सर होते. त्यांनी एकदा मुलांना उन्हात नेलं, बहिर्गोल भिंगातून सूर्याचे किरण कागदावर एकत्र आणले आणि कागद जळाला. मन असं एका ठिकाणी आणलं तर काहीही साधता येतं, असं ते मुलांना म्हणाले. हा प्रसंग माशेलकरांनी कितीतरी व्यासपीठांवरून सांगितला आहे. देशोदेशीचे सन्मान मिळालेला शास्त्रज्ञ दर वेळी त्या उन्हात परत जातो. भावे सरांना त्या तासाबद्दल त्या दिवशी कोणी शाल दिली नसणार. आज त्यांचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे. एकवीस रुपये देणाऱ्या बाईंचं नाव मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही. प्रत्येक यशाच्या पोटात अशी एक बिननावाची बाई असते.

शाळेतही अशी माणसं असतात. मुलं शिपायाला 'मामा' म्हणतात, सफाई करणाऱ्या बाईला 'मावशी'. नाती जोडायला मुलांना कोणी शिकवावं लागत नाही. मामा सगळ्यांच्या आधी येतात, फाटक उघडतात, घंटा देतात. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कुठल्या मुलाला न्यायला आज दुसराच माणूस आला आहे, हे बहुधा मामांना आधी कळतं. अनोळखी माणसाच्या हाती ते मूल देत नाहीत. पहिलीतली मुलगी रडत जिन्यात बसली तर मावशी झाडू बाजूला ठेवून तिच्याशेजारी टेकतात. दुपारी बचत गटाच्या बायका खिचडी वाढतात. कुठल्या मुलाला दुसऱ्यांदा हवी असते आणि तो मागत नाही, हे त्यांना पातेल्यामागे उभं राहून समजतं. वर्गातल्या बाईंना जे दिसत नाही, ते यांना दिसतं. ही माणसं हजेरी घेत नाहीत, पण त्यांचं लक्ष हजेरीपेक्षा कमी नसतं.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. काही इमारतींत विलगीकरण कक्ष उभे राहिले. शिक्षकांना सर्वेक्षणाचं, धान्यवाटपाचं काम लागलं. त्यातून वेळ काढून बाई फोनवर शिकवत होत्या, आणि एका घरात एक फोन, तीन भावंडं असा प्रकार होता. मोठ्याचा तास, मग धाकट्याचा, आणि वडील कामावर निघाले की फोनही त्यांच्याबरोबर निघाला. काही बाई रात्री नऊनंतर फोन लावत, कारण तेव्हा तो घरी असे. त्या रात्रीच्या फोनची नोंद कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. ज्या मुलांना तो आला, ती आज मोठी झाली असतील. त्यांना तो आवाज आठवत असेल.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षीस दहा लाख डॉलरचं. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची त्यांची कल्पना पुष्कळांना माहीत आहे. माझ्या मनात राहिली ती त्यांनी जागच्या जागी केलेली दुसरी गोष्ट. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. नऊ देशांतले नऊ वर्ग त्या एका निर्णयाने एकमेकांना जोडले गेले. हे सुचायला आधी शेजारच्याकडे नजर जावी लागते. आपलं नाव पुकारलं जात असताना शेजाऱ्याकडे पाहणं फार थोड्यांना जमतं.

फळ्यावर नाव लिहिलं जातं तेव्हा मुलाच्या मनात काय होतं, हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटतं. नाव आलेल्या मुलापेक्षाही न आलेल्या मुलाच्या मनात. तो रोज त्याच जिन्याने वर जातो. त्याला गाणं येत नाही, धावता येत नाही, शिष्यवृत्तीच्या वर्गात त्याला बसवलेलं नाही. पण तो वर्गातल्या अपंग मित्राचं दप्तर रोज दुसऱ्या मजल्यावर नेतो. उत्तर प्रदेशातून नुकत्याच आलेल्या मुलाला तो मराठी शब्द शिकवतो, खेळता खेळता. ह्यासाठी स्पर्धा नाही आणि असूही नये. दप्तर नेण्याची स्पर्धा लागली की दप्तर ओझं होईल. मात्र एखाद्या दिवशी बाई त्याच्याजवळून जाताना थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी बघते हं रोज," तर त्या तीन-चार शब्दांवर तो वर्षभर चालू शकेल. सगळं कौतुक मंचावरूनच व्हायला पाहिजे असं नाही. काही कौतुक एकट्यालाच ऐकू जावं.

कौतुक आणि बक्षीस म्हटलं की मला पुण्यातल्या फुल्यांच्या शाळा आठवतात. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा शाल देऊन सत्कार झाला. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं यांना शिकवणाऱ्या माणसाचा तो सत्कार होता, आणि तो सरकारने केला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाही. शेजारपाजारच्या लोकांनी सावित्रीबाईंच्या अंगावर काय फेकलं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे मुलींची परीक्षा जाहीरपणे झाली तेव्हा ती पाहायला गर्दी लोटली. त्या काळची एक आठवण सांगितली जाते. बक्षीस समारंभात एका लहान मुलीने पाहुण्यांना सांगितलं की आम्हाला खेळणी आणि खाऊ नको, शाळेला ग्रंथालय द्या. मुक्ता साळवे हिचं नाव या आठवणीशी जोडलं जातं. तिचा, मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती.

बक्षीस घ्यायला उभ्या राहिलेल्या मुलीने बक्षीस काय असावं ते सांगितलं, आणि ते स्वतःपुरतं मागितलं नाही. पावणेदोनशे वर्षं होत आली. आज आपण मुलांना विचारतो का, तुला काय हवं? आपण ढाल देतो, प्रशस्तिपत्रक देतो, कंपासपेटी देतो. चांगल्याच वस्तू आहेत. पण विचारलं, तर उपनगरातली मुलं काय मागतील याचा मी अंदाज करून पाहतो. एखादा म्हणेल, संध्याकाळी दोन तास एक वर्ग उघडा ठेवा. आमचं घर दहा बाय बाराचं आहे, टीव्ही तिथेच आणि स्वयंपाक तिथेच. एखादी म्हणेल, आमच्या बाईंची बदली करू नका. आणि बहुतेक सगळी म्हणतील, कार्यक्रमाला आईला येता येऊ दे.

ही शेवटची मागणी मला खरी वाटते, कारण कार्यक्रमात मी ती रिकामी जागा पाहिली आहे. गुणगौरव सोहळा आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकराला असतो. पाहुण्यांना ती वेळ सोयीची पडते. त्या वेळी आई मुलुंडच्या एखाद्या टॉवरमध्ये भांडी घासत असते किंवा मरोळच्या गाळ्यात पॅकिंगला बसलेली असते. वडील रिक्षावर असतात. एक खाडा म्हणजे एका दिवसाचे पैसे गेले. मुलगी मंचावर जाते, ढाल घेते, समोरच्या खुर्च्यांवर एकदा नजर फिरवते आणि खाली उतरते.

दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाईला रविवारीही सुट्टी मिळतेच असं नाही. पण रविवारी दुपारी तीनला बऱ्याच जणींना यायला जमेल. पाहुण्यांनी एका रविवारची दुपार द्यावी. पहिल्या रांगेत आया बसाव्यात, त्यांच्या मागे पाहुणे. मुलीचं नाव पुकारताना आईचंही पूर्ण नाव घ्यावं. २०२४पासून शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव लिहायचं ठरलंच आहे, ते माईकवरूनही म्हटलं जावं. आणि त्या रविवारी मामांनी फाटक उघडलं, मावशींनी सभागृह झाडलं, तर त्यांनाही बोलवून पुढे उभं करावं, त्यांचीही नावं घ्यावीत, आणि सोमवारी दोघांना भरपाई रजा द्यावी.